ड्रायव्हर वेगळा

१

शाकीरनं उभा जन्म दुसऱ्यांना डोंगर दाखवण्यात घालवला. सोलापुरातून कुणाला महाबळेश्वर करायचं असो, गगनबावडा असो की आंबोली, नव्या जोडप्याची सहल असो की पेन्शनरांची, गाडी शाकीरची. आणि झीनतनं तोच जन्म त्याचे फोन घेण्यात घालवला. गाडी चालवताना फोन कानाला लावणारा माणूस शाकीरच्या लेखी ड्रायव्हरच नव्हे. त्यामुळे धंद्याचा फोन कायम घरी, नई जिंदगी वस्तीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत, झीनतच्या कानाला आणि खांद्याला चिकटलेला. एकीकडं तव्यावरची भाकरी उलटत ती गिऱ्हाइकाला विचारायची, "सवारी किती?" आणि मग पुढच्या गावच्या लॉजवाल्याला कळवायची, "सात सवारी, ड्रायव्हर वेगळा."

ड्रायव्हर सवारीत धरायचा नाही, हा या धंद्याचा रिवाज. त्याची खाट ओसरीवर नाहीतर गाडीजवळ, त्याचं जेवण फुकट, आणि माणसं मोजताना तो मोजणीत नाही. झीनतच्या तोंडात ते बोलणं इतकं बसलं होतं, की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं तेच सांगितलं असतं.

तिनं स्वतः मात्र एकही घाट पाहिला नव्हता. कधी सीझन असायचा, कधी लेकाची, एजाजची परीक्षा, कधी सासूचं आजारपण. "पुढच्या वर्षी नक्की जाऊ की," शाकीर म्हणायचा, आणि ते पुढचं वर्ष काही केल्या गाडीत बसायला तयार होत नसे.

मग शाकीरच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. कडेचं दिसेनासं झालं. "नळीतून बघितल्यागत दिसतंय," तो म्हणाला. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. गेलेली नजर परत येत नाही आणि राहिलेली किती टिकेल त्याचा भरवसा नाही, असं तोंडावर सांगितलं. त्या दिवशी घरी आल्यावर शाकीरनं बोलेरोची किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली आणि कितीतरी वेळ तिथंच उभा राहिला. झीनतला ते बघवेना. ती आत गेली, पदरानं डोळे पुसले आणि दुसऱ्याच दिवशी होटगी रोडवरच्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन नाव घालून आली. पन्नाशी उलटलेली बाई बघून शिकवणारा पोरगा म्हणाला, "काकू, हितं फक्त गाडी शिकवतात." झीनत म्हणाली, "मग काय मी भरतकाम शिकायला आले?"

लायसन्स हातात आलं तेव्हा तिनं ते शाकीरच्या हातावर ठेवलं. "चला," ती म्हणाली. "आता मला डोंगर दाखवा. जोवर तुम्हाला दिसतायत तोवर."

२

बेत आखायला मोबाईलवरचा नकाशा काही उपयोगाचा नव्हता, तो शाकीरला दिसतच नव्हता. मग त्यानं एक शक्कल काढली. घरातली सगळ्यात जाड सोलापुरी चादर जमिनीवर टाकली, मधून ओढून तिच्या वळ्या केल्या, आणि म्हणाला, "हा घे सह्याद्री."

रोज दुपारी जेवणं झाली की तिघं त्या चादरीभोवती बसत. तिसरी मदिनाबी, शाकीरची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून ती यांच्याकडंच असे, आणि घरात कुणी कुठं निघालं की तिची पिशवी आधी भरलेली असे. शाकीर बोटानं चादर चाचपत रस्ता सांगायचा, झीनत मुक्कामाच्या जागी एकेक शेंगदाणा ठेवायची, आणि मदिनाबीनं तो खाऊ नये म्हणून तिच्यावर लक्ष ठेवावं लागायचं.

"हे पंढरपूर, हे फलटण, हे वाई. हितनं पसरणीचा घाट चढतो. हितं उजवीकडं बघायचं, कृष्णेचं खोरं दिसतं. मग खाली कोयना. मग गगनबावडा. तितं ढग गाडीच्या खिडकीतनं आत येतात."

"आत येऊन काय करतात?" मदिनाबी विचारी.

"बसतात, आपा. तुझ्या शेजारी."

पहिला मुक्काम पाचगणीच्या अलीकडं, धोंडिरामच्या घरी. त्याच्याकडं शाकीरनं कित्येक गिऱ्हाइकं उतरवली होती. झीनतनं फोन लावला. एवढी वर्षं ती दुसऱ्यांसाठी असा फोन लावत आली होती, आज पहिल्यांदा स्वतःसाठी लावत होती. छाती आनंदानं धडधडत होती. आणि त्या आनंदातच जीभ आपल्या जुन्या वाटेनं निघून गेली.

"तीन सवारी," ती म्हणाली, "ड्रायव्हर वेगळा."

फोन ठेवला आणि चूक ध्यानात आली. ती हसत सुटली. "अहो, मी चौथा माणूस सांगितला की! ड्रायव्हर तर मीच हाय!"

मदिनाबी इतकी हसली की तिला ठसका लागला. शाकीरही हसला. "परत लाव आणि दुरुस्त कर," तो म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या. एक खाट जास्तीची पडली तर काय बिघडतंय?"

शाकीरचं हसू जरा ओसरलं. "फोनवरची मोजणी कच्ची असते म्हणा," तो चादरीची वळी सारखी करत म्हणाला. "पक्की मोजणी गाडीत बसल्यावर, आणि ती ड्रायव्हरनं करायची." मग त्यानं बोट पुढं सरकवलं आणि कोयनेकडं निघाला.

३

गगनबावड्याच्या मुक्कामासाठी जागा सापडत नव्हती. एके दुपारी शाकीरला एकदम केराबाईचं नाव आठवलं. घाटाच्या तोंडाशी तिची खानावळ आणि वर दोन खोल्या. आठवलं तेव्हा त्या खोलीत हे तिघंच होते, आणि झीनतनं तिथल्या तिथं फोन लावला. या वेळी ती शब्द जपून बोलली.

"आम्ही तिघं येणार आहोत, केराबाई."

"व्हय की. म्हाईत हाय. तुमच्या ड्रायव्हरनं फोन केल्ता न्हवं सकाळी," केराबाई म्हणाली. "तीन सवारी, ड्रायव्हर वेगळा. लई अदबीनं बोलला बिचारा. खाट गाडीजवळच टाका म्हणाला, गाडीपासनं लांब झोप येत न्हाय म्हणं."

झीनतनं फोन या कानावरून त्या कानावर घेतला. "कुठल्या नंबरवरनं आला होता?"

"ह्याच की. ज्याच्यावरनं तुमी बोलतायसा."

शाकीर चादरीवर बोट ठेवून वाट बघत होता. झीनतनं त्याच्याकडं पाहिलं आणि तिला कळल्यासारखं वाटलं. राग आला तो आधी आणि वाईट वाटलं ते मागून.

"तुम्हाला माझ्या हातावर भरवसा नाही तर तोंडावर सांगायचं होतं," ती म्हणाली. "लपून ड्रायव्हर ठरवायची काय गरज होती?"

शाकीरला काही उमगेना. त्यानं कुराणाची शपथ घेतली. मोबाईलची बटणं त्याला दिसत नाहीत, हे झीनतलाही ठाऊक होतं. तिनं फोन उघडून पाहिला. सकाळी कुणाला लावलेला एकही फोन त्यात नव्हता. मग तिनं पुण्याला लेकाला विचारलं. एजाज पहिल्यापासून म्हणत होता, अम्मी, घाटात तू नको, ड्रायव्हर घे. पण केराबाई कोण हेही त्याला माहीत नव्हतं.

केराबाईच्या कानात काहीतरी घोटाळा झाला असेल, झीनतनं ठरवलं. म्हातारी बाई आहे, कुणाचा निरोप कुणाला चिकटवला असेल. विचार पटण्यासारखा होता. फक्त, केराबाईनं सांगितलेलं बोलणं झीनतचं होतं, शब्दाला शब्द.

४

झीनत ठेंगणी. बोलेरोत बसायचं तर सीट पार पुढं ओढावी लागे आणि खाली चादरीची घडी घ्यावी लागे. ती नसली तर तिला रस्त्याऐवजी बॉनेटच दिसायचं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत सुट्टीच्या दिवशी रस्ते मोकळे असत, तिथं शाकीर तिला शिकवत असे. डोळे मिटून शेजारी बसायचा आणि कानानं शिकवायचा. "गिअर रडतोय, बदल. क्लच हळू सोड, पाय भाजल्यागत काय काढतीस?" बंद कारखान्यांच्या रांगेतून ती गाडी मागं घ्यायची, वळवायची, चढावर थांबवून पुन्हा उचलायची. एकदा गाडी जरासुद्धा मागं न घसरता चढली तेव्हा शाकीर म्हणाला, "वा, उस्ताद," आणि झीनतला त्या दिवशी जेवण गेलं नाही, इतकं पोट भरलं.

केराबाईच्या फोननंतर तिनं सकाळी गाडीचं दार उघडलं, तर सीट मागं होती. पार मागं, एखाद्या उंच माणसाच्या पायांना लागते तितकी. आरसा वर वळवलेला. तिची चादर नीट घडी करून मागच्या सीटवर ठेवलेली.

तिनं सीट पुढं घेतली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा मागं. किल्ली तर घरात खिळ्याला.

शेजारची पोरं असतील, ती म्हणाली. दार नीट लागत नसेल, लीव्हर जुना झाला असेल. चादरीच्या घडीबद्दल तिनं स्वतःशी काही म्हणायचं टाळलं. पोरं चादरीच्या घड्या घालत नाहीत.

मग एका दुपारी वीज गेली. गल्लीतल्या शेडमधले माग थांबले आणि त्यांची दिवसभराची खटखट बंद पडली. ती बंद पडली की घरातले बारीकसारीक आवाज वर येतात, घड्याळाचा, माठाच्या थेंबाचा. त्यात झीनतला बाहेरून आवाज आला. काचेवर ओलं फडकं फिरवल्याचा. चर्र, चर्र. पहिल्यांदा लांब फटकारा, मग कोपऱ्याला दोन आखूड. सकाळी निघण्याआधी गाडी पुसणारा प्रत्येक ड्रायव्हर काच अशीच पुसतो.

शाकीर भिंतीला टेकून बसला होता. त्याचीही मान दाराकडं वळलेली होती.

"कोण पुसतंय गं गाडी?" त्यानं विचारलं.

झीनत उठून दारात गेली. ऊन रणरणत होतं, गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. बोलेरोची पुढची काच ओली होती. तिच्या डोळ्यांदेखत ती वाळत गेली.

५

आता खरं सांगायचं तर झीनत घाबरली. घाबरणारी बाई नव्हती ती. पण तिला भुताखेताची भीती वाटली नाही, दुसरीच वाटली. या सगळ्यात बेत मोडला तर शाकीर डोंगर न बघताच अंधारात जाईल, ही. त्यापेक्षा मान खाली घातलेली बरी, असं तिनं ठरवलं. तिनं एजाजला फोन केला. "तू म्हणतोस तसं. ठरव कुणीतरी. आपला, ओळखीचा."

एजाजनं दिपकला पाठवलं. शाळेतला त्याचा दोस्त, आता सोलापूर-पुणे गाडी चालवायचा. चांगला दणकट, हसरा गडी. संध्याकाळी गाडी बघून जातो म्हणाला होता. संध्याकाळ झाली, दिवे लागले, दिपक काही आला नाही. झीनतनंच फोन केला.

"काकू, मी येऊन गेलो की," दिपक म्हणाला. आवाज नेहमीचा नव्हता. "तुमचा ड्रायव्हर हाय न्हवं. कशाला बोलवता मग मला?"

"कुठला ड्रायव्हर?"

"गाडीत बसला होता. मी म्हटलं, एजाजनं पाठवलंय. तर म्हणाला, तीन सवारी हायत आणि ड्रायव्हर मी हाय. जा म्हणाला."

"कसा होता दिसायला?"

"तोंड न्हाय दिसलं, काकू. काचेवर उजेड होता. स्टिअरिंगवरचे हात तेवढे दिसले." मग घाईघाईनं म्हणाला, "काकू, तुमी जाऊ नका. मी एजाजला पण सांगतो."

त्या रात्री झीनतनं मनाशी सगळा हिशेब मांडला. एका घाईच्या फोनात तिनं एक माणूस बोलावला होता. जागा सांगितली होती, खाट सांगितली होती, जेवण सांगितलं होतं. आणि जागा सांगितली की कुणीतरी बसायला येणारच. कोण, कुठून, हे तिला कळण्याचं कारण नव्हतं. एवढ्या वर्षांत तिनं फोनवर सांगितलेल्या ड्रायव्हरांपैकी एकाचंही नाव कुणी तिला विचारलं नव्हतं.

सकाळी तिनं धोंडिरामला फोन लावला. "ते ड्रायव्हरचं रद्द करा. ड्रायव्हर वेगळा नाही."

धोंडिराम हसला. "म्हणलेलाच मला त्यो. बाई रद्द कराया फोन करतील, तवा ऐकू नका."

झीनतनं फोन खाली ठेवला. समोर शाकीर चादरीवर वाकला होता. नाक जवळजवळ वळीला लागलेलं, आणि बोटानं तो पसरणीचं एकेक वळण मोजून पाठ करत होता. आपल्याला नीट दिसणार नाही तेव्हा निदान कुठं बघायचं हे तरी माहीत असावं, म्हणून. मदिनाबीनं पिशवीत आणखी एक स्वेटर कोंबला.

"अगे दुल्हन," ती भावजयीला म्हणाली, "तितं थंडी लई असती म्हणं ना?"

"लई," झीनत म्हणाली. "दोन घ्या, आपा. परवा निघायचंय."

६

फजरची नमाज झाली होती. गल्लीत दुधासारखा उजेड होता, माग अजून सुरू व्हायचे होते. झीनतनं सीट पुढं ओढली, चादरीची घडी टाकली, आरसा खाली केला. मदिनाबी मागं बसली आणि डोळे मिटून सफरची दुआ पुटपुटू लागली. शाकीर पुढं डाव्या बाजूला बसला. त्या जागेवर बसून तो आयुष्यात पहिल्यांदा सहलीला निघत होता, आणि हात कुठं ठेवायचे ते त्याला कळत नव्हतं.

पाण्याचा कॅन आत राहिला होता. किल्ली मुठीत घेऊन झीनत घरात गेली, कॅन उचलला, कुलूप लावलं. वळली तर शाकीरचं बोलणं कानावर आलं.

"आलीस? सीट लई मागं घेतलीस की आज. पाय पुरतायत का?"

शाकीर स्टिअरिंगकडं तोंड करून बोलत होता. झीनत अजून गल्लीत उभी होती.

कॅन हातात जड झाला. तिनं तो हळूच खाली ठेवला. शाकीरला जे काही दिसत होतं ते नळीतून दिसत होतं. कुणीतरी बसलंय एवढंच त्याला दिसलं, आणि ती बायको आहे असं तो धरून चालला.

मग गाडीतून आवाज आला.

"सवारी किती?"

भयंकर असं काही नव्हतं त्यात. दमलेला, अदबीचा, पहाटे न झोपता आलेल्या कुठल्याही ड्रायव्हरचा आवाज. मोजणी कच्ची असते फोनवरची. पक्की गाडीत बसल्यावर, आणि ती ड्रायव्हरनं करायची, हेही शाकीरनंच सांगितलेलं. झीनतला एका क्षणात सगळं कळलं. उत्तर मिळालं की गाडी सुटेल, आणि सुटली की ती त्याची.

शाकीरच्या कपाळावर आठी आली. हा आवाज बायकोचा नाही, हे कानानं गाडी ओळखणाऱ्या माणसाला कळायला हवं होतं, आणि कळलंही असावं. पण ज्या प्रश्नावर जन्म गेला त्याचं उत्तर तोंडातून आपसूक निघतं. त्याचे ओठ उघडले.

"ती—"

"दोन!" झीनत ओरडली.

गल्लीच्या टोकाला कबुतरं उडाली. ती धावली आणि तिनं ड्रायव्हरचं दार सताड उघडलं. स्टिअरिंगवर हात होते. लांब बोटांचे, नखांत ग्रीस, आणि स्टिअरिंग कसं धरावं याचा नमुना म्हणून दाखवावेत इतके नीट धरलेले. मनगटांपर्यंतचे. त्यापुढं काय होतं ते तिनं पाहिलं नाही. पाहायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, आणि ठरवलेलं ती करते.

"दोन सवारी," ती म्हणाली. आवाज कापला, पण थांबला नाही. "दोन सवारी आणि ड्रायव्हर मी. चूक माझी झाली, भाईजान, तुम्हाला उगाच बोलावलं. पण ही खेप तुमची नाही. उठा."

काही हललं नाही. मदिनाबीची दुआ मध्येच थांबली होती. झीनतनं किल्ली पुढं धरली, अशी, की जो कोण होता त्याला ती दिसावी.

"उठा म्हटलं ना. माझ्या माणसाला डोंगर बघायचेत. मी नेणार आहे त्याला."

मग सीटचं रेक्झिन हळूहळू वर आलं, जड माणूस उठल्यावर येतं तसं. चादरीवरचा खळगा भरून निघाला. अंगावरून थंड, डिझेलचा वास असलेली हवा गेली, घाईनं नाही, वाट मागून जावी तशी. झीनत बाजूला झाली. जाणाऱ्याला जागा द्यावी एवढी रीत तिला होती.

मग खालून लीव्हरचा आवाज झाला. खट्ट. आणि सीट सरकत पुढं आली, पार पुढं, बरोबर झीनतच्या पायांना लागते तितकी.

ती बसली. बिस्मिल्ला म्हणाली आणि किल्ली फिरवली.

"कोण होतं?" शाकीरनं हळूच विचारलं.

"कुणी नाही. धंद्यातलाच होता," झीनत म्हणाली. "पट्टा लावा."

७

पसरणीच्या घाटात तिनं पहिलं वळण घेतलं तेव्हा तळहात घामानं निसटत होते. दुसऱ्याला ते कोरडे झाले. तिसऱ्या वळणावर समोरून भाजीचा ट्रक आला. झीनतनं हॉर्न दिला, गाडी कडेला दाबली, चढावर थांबवली आणि ट्रक गेल्यावर जरासुद्धा मागं न घसरता पुन्हा उचलली. ट्रकच्या क्लीनरनं वळून पाहिलं. मदिनाबीनं त्याला मागच्या खिडकीतून हात केला, निवडणूक जिंकल्यासारखा.

"गिअर रडत न्हाय," शाकीर म्हणाला.

"कशाला रडेल?" झीनत म्हणाली.

वर एका सपाटीवर तिनं गाडी थांबवली. खाली कृष्णेचं खोरं, धोमचं पाणी, वाईची घरं, आणि पावसाळा नुकताच सरल्यामुळं सगळं हिरवंगार. एवढं होतं हे! एवढं मोठं, आणि इतकी वर्षं आपण त्याच्यासाठी नुसत्या खाटा सांगत बसलो!

शाकीर मान हळूहळू फिरवत होता. ती नळी त्यानं पाण्यावर नेली, मग शेतांवर, मग पलीकडच्या कड्यावर. चादरीवर पाठ केलेलं एकेक वळण तो खरं करून घेत होता. मग मान आणखी वळली, आणि नळी झीनतवर येऊन थांबली.

"घाट लई बघितले मी," तो म्हणाला. "ड्रायव्हर पहिल्यांदा बघतोय."

झीनतला हसू आलं, रडूही आलं, आणि तिनं दोन्ही होऊ दिलं.

धोंडिरामच्या अंगणात गाडी शिरली तेव्हा उन्हं कलली होती. तो पुढं झाला, शाकीरचा हात धरला, मदिनाबीची पिशवी उतरवून घेतली. मग बोलेरोच्या भोवती बघितलं.

"ड्रायव्हर कुटं हाय?" त्यानं विचारलं, आणि झीनत काही सांगायच्या आत स्वतःच कपाळावर हात मारून घेतला. "इसरलोच की! पहाटंच फोन आला त्याचा. मी येत न्हाय, म्हणाला. त्या गाडीला ड्रायव्हर हाय, म्हणाला."

शाकीरनं झीनतचा हात चाचपून धरला.

"आहे," झीनत म्हणाली. "खाट कुठं टाकलीय?"

"ती न्हवं का, गाडीजवळ. पण वैनी, तुमची सोय आत हाय, गादी हाय..."

"आत सवाऱ्या झोपतील. आणि भाऊ, ड्रायव्हरच्या ताटाचे पैसे मी देणार नाही. रिवाज माहीत आहे ना?"

धोंडिराम तोंडाला हात लावून हसला आणि ताटं करायला सांगायला आत गेला. झीनत खाटेपाशी आली. वरची चादर मधोमध दबलेली होती, कुणीतरी बराच वेळ बसून नुकतंच उठून गेल्यासारखी. झीनतनं ती उचलली, दोनदा झटकली, उलटी करून अंथरली. मग चपला काढल्या आणि पाय पसरून बसली.